गुडघ्यातली गोल गादी

मित्रांनो, अशी कल्पना करा की दाराखाली पायपुसणं अडकलं आहे. दार उघडत नाही, लागतही नाही. घरातला प्रत्येक जण येता-जाता त्याला लाथ घालतो. ते पायपुसणं म्हणजे मी.

मी एका मुलीच्या डाव्या गुडघ्यातली कूर्चेची गादी आहे. मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मी मध्ये असते. माझ्या जातीच्या गाद्या चंद्रकोरीसारख्या असतात. मी मात्र जन्मापासून थाळीसारखी, गोल आणि जाड. मुलगी जिना चढू लागली की मी 'खट्' वाजायचे. वर्गात तिचं नाव पडलं 'खटखटी'. त्या नावापायी ती गुडघ्यावर मुठी मारायची. मीही कमी नव्हते. ऐन शर्यतीत ठणकायचे.

"सर, पाय दुखतोय," ती खेळाच्या सरांना सांगायची.

"शर्यत आली की बरा दुखतो गं! नाटकं पुरे. पळ!"

खोटारडी ठरण्यापेक्षा दुखलेलं बरं, असं म्हणून ती पळायची.

एके दिवशी मी हाडांमध्ये अशी अडकले की गुडघा सरळच होईना. सर म्हणाले, "नुसता खटका बसलाय. झटका दिला की सुटतो." त्यांनी टाच धरून पाय खसकन ओढला आणि मी कडेला टरकन फाटले. ती किंचाळली, तर म्हणाले, "आली मोठी नाजूक!"

दवाखान्यात बाबा डॉक्टरीणबाईंवर खेकसले, "काढून फेका ती पीडा एकदाची!"

"फेकली तर हाडावर हाड घासेल," बाई तडकल्या. "तरुणपणीच म्हातारीचा गुडघा हवाय का पोरीला? मधला भाग कोरून चंद्रकोर ठेवू, फाटलेली कड शिवू. मी सांगेपर्यंत धावणं बंद. म्हणजे बंद!"

ऑपरेशनच्या दिवशी गुडघ्याला पाडलेल्या बारीक भोकांतून आधी कॅमेरा आला, मग कातरणारा चिमटा. त्याने मला तुकड्या-तुकड्याने कुरतडलं. शुद्धीवर येताच मुलीने विचारलं, "गेली का ती?"

"आहे. आता तू सांभाळायचं तिला," बाई म्हणाल्या.

"मी? तिला?" मुलगी फणकारली.

कुबड्या सुटल्यावर, गुडघ्याला पट्टा बांधून ती मैदानावर गेली. शर्यतीची रांग लागलेली होती.

"काय खटखटी, झाली ना दुरुस्ती? ये रांगेत. की नवं नाटक?" सर ओरडले. पोरं खिदळली.

माझे टाके अजून कच्चे होते आणि 'नाटक' म्हटलं की ती पळतेच, हे मला ठाऊक होतं. मित्रांनो, दुखणं दुसऱ्याला दिसत नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. ओरडणारा घरी निघून जातो. गुडघा जन्मभर तुमच्यापाशीच राहतो. त्याला जपा.

मुलगी थेट रेषेवर जाऊन उभी राहिली.

"डॉक्टरीणबाई सांगेपर्यंत मी पळणार नाही."

"मग आलीस कशाला? हो बाजूला!"

ती तिथेच, रेषेवर, बसली. पाय लांब केला, गुडघ्याखाली हात घातला आणि बाईंनी शिकवलेला व्यायाम करत गुडघा हळूच हातावर दाबू लागली. शर्यतीला तिला वळसा घालून जावं लागलं.