बॅगांच्या स्टॉलवरचा मास्तर

हात लावू नका, हात लावू नका असं तीन दिवस ओरडून माझा घसा बसला, आणि लोकांनी तीन दिवस मनसोक्त हात लावला. कॅमेऱ्यांच्या प्रदर्शनात स्टॉल लावायचा म्हणजे दुसरं काय असतं? घेणारे पाच, चिवडणारे पाचशे. लेन्सवर अंगठा टेकवून "काका, ही काच खरी आहे ना?" असं विचारणारे महाभागही भेटतात. "नाही, साखरेची आहे, चाटून बघ," असं मी एकाला म्हणालो, तेव्हा माझ्या सुनेने टेबलाखालून मला पाय मारला.

"बाबा, गिऱ्हाईक आहे ते."

"गिऱ्हाईक कसलं, गिऱ्हाण आहे."

या धंद्यात मला सगळे तडतड्या म्हणतात. तोंडावर काका, पाठीमागे तडतड्या. सून बिलं करते, गोड बोलते, म्हणून दुकान चालतं. मी आपला मालकासारखा उभा असतो.

यंदा सगळी झुंबड आमच्या कोपऱ्यातल्या सहाशे मिलिमीटरच्या लेन्सवर होती. पांढरी, मांडीएवढी जाड, दणकट ट्रायपॉडवर बसवलेली, मागे कॅमेरा लावलेला. लांबच्या पक्ष्यांचे फोटो काढणारे लोक ही घेतात. आता हॉलमध्ये पक्षी कुठून आणणार? म्हणून दर वर्षी मी ती मधल्या वाटेच्या पार दुसऱ्या टोकाला, बॅगांच्या एका स्टॉलवर रोखून ठेवतो. मधे चांगली शंभर पावलं. "त्या बोर्डाखालचा फोन नंबर वाचून दाखवा," असं गिऱ्हाइकाला सांगायचं. तो वाचतो, "अरे बापरे!" म्हणतो, आणि निम्मं काम तिथेच होतं.

ही झाली सांगायची गोष्ट. खरं म्हणजे त्या बोर्डाखाली मास्तर उभा असतो.

मास्तरने आणि मी बावीस वर्षं एका टेबलावर बसून कॅमेरे दुरुस्त केले. तोंड माझं, हात त्याचा. तसा हात मी दुसरा पाहिला नाही. मोहरीएवढा स्क्रू चिमट्याने उचलायचा आणि जागेवर बसेपर्यंत श्वाससुद्धा घ्यायचा नाही. मी गिऱ्हाइकांशी भांडायचो आणि तो खाली मान घालून हसायचा. दुपारी एका डब्यात जेवायचो. मग त्याचा हात कापायला लागला. मला दिसत होतं, त्याला कळत होतं, आणि आम्ही दोघंही त्यावर बोलत नव्हतो. एका सकाळी दुकान भरलेलं असताना त्याच्या चिमट्यातून स्क्रू दोनदा निसटला, आणि मी सगळ्यांदेखत त्याच्या हातातला कॅमेरा काढून घेतला. "ठेव ते. हात बघ तुझा," असं म्हणालो. त्याने आपले स्क्रूड्रायव्हर रुमालात गुंडाळले आणि गेला, तो परत आला नाही.

मी बोलवायला गेलो नाही. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या मानेत मात्र दोन माणसांची हाडं आहेत.

त्याला सहा वर्षं झाली. त्याच वर्षी प्रदर्शनात लेन्स लावत होतो, बघतो तर बॅगांच्या स्टॉलवर हा उभा! स्क्रीनवर चित्र मोठं केलं की त्याच्या चष्म्याची काडीसुद्धा दिसत होती. मला इतका आनंद झाला की मी चक्क हात वर केला. त्याने माझ्याकडे बघितलं. सरळ, माझ्या डोळ्यांत. आणि मान फिरवून बॅगा लावायला लागला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी पुढच्या वर्षी पुन्हा हात केला. पुन्हा तेच, बघितलं आणि मान फिरवली. तिसऱ्या वर्षापासून मी हात करणं सोडलं. बघणं काही सुटलं नाही. वर्षातले तीन दिवस, गिऱ्हाईक जरा हललं की माझा डोळा लेन्सला. त्याच्या मिशा पांढऱ्या होताना मी बघितल्या. एका वर्षी त्याच्या स्वेटरला भलत्याच रंगाचं बटण दिसलं. त्याच्या बायकोने, वहिनींनी, तसं बटण त्याला कधी लावू दिलं नसतं. चौकशी केली, तर खरंच, वहिनी गेल्या होत्या. तेव्हाही भेटायला जायला माझा पाय निघाला नाही.

तर आज शेवटचा दिवस. सव्वाचारच्या सुमारास शेजारचा ट्रायपॉडवाला चहाचा कप घेऊन आला.

"ऐकलंत का? तुमचा मास्तर चालला. मुलीकडे, पार समुद्रापलीकडे. कायमचा. पाचला गाडी येणार आहे, इथूनच निघणार."

"माझा कशाला? जाऊ दे की. सुंठीवाचून खोकला गेला," मी म्हणालो, आणि लेन्सचं सत्त्याहत्तर मिलिमीटरचं झाकण मागणाऱ्या गिऱ्हाइकाला बहात्तरचं दिलं. त्याने परत केलं, तर पुन्हा बहात्तरचंच दिलं. सुनेने माझ्या हातातून डबा काढून घेतला.

मी लेन्सकडे गेलो. तिथे एक जण डोळा लावून बसला होता.

"उठा जरा."

"काका, आत्ताच माझा नंबर आलाय."

"माझा सहा वर्षांपासून लागलाय. उठा."

मास्तरच्या स्टॉलवर त्या क्षणी कुणी नव्हतं. त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला, आणि सरळ माझ्याकडे बघितलं. खूप वेळ. मला वाटलं, आता हात करतो की काय. माझाच हात अर्धा वर गेला होता. तेवढ्यात त्याने मान फिरवली.

"बघितलंस?" मी सुनेवर ओरडलो. "जातानासुद्धा! सहा वर्षं हा माणूस माझ्या डोळ्यांत डोळे घालून तोंड फिरवतोय!"

"कोण? कुठे?" तिने टाचा उंचावून मधल्या वाटेकडे पाहिलं. "बाबा, मला तर तिकडचा स्टॉलही धड दिसत नाही. निळं काहीतरी आहे."

"अगं, लेन्समधून बघ ना!"

"मी बघेन हो. पण त्यांच्याकडे कुठे आहे लेन्स?"

मी तसाच उभा राहिलो. चाळीस वर्षं लेन्स विकतोय. किती अंतरावरचं किती मोठं दिसतं हे मी लोकांना शिकवतो, पाटीवर आकृती काढून शिकवतो. आणि एवढी साधी गोष्ट मला कळू नये? तो मला समोर बसल्यासारखा दिसायचा, म्हणून मीही त्याला तसाच दिसतो असं धरून चाललो. चष्म्याचा म्हातारा माणूस, शंभर पावलं, मधे एवढी डोकी! मला रडूही येत होतं आणि स्वतःच्या थोबाडीतही मारावीशी वाटत होती.

"जा बाबा," सून हळूच म्हणाली.

"एवढी गर्दी टाकून?"

"तुम्ही नसलात की जास्त विक्री होते. जा."

ती शंभर पावलं चालायला मला दहा मिनिटं लागली. लोकांच्या पाठीवरच्या बॅगा, पिशव्या, फोटो काढायला वाटेतच थांबलेली जोडपी, सगळ्यांना ढकलत गेलो. मास्तरच्या स्टॉलवर तोवर पुन्हा माणसं जमली होती. मी त्यांच्या मागे उभा राहिलो. तो किती वाकलाय हे लेन्समध्ये कळलं नव्हतं. एका मुलीला तो बॅग दाखवत होता, पण चेन त्याच्या बोटांत येत नव्हती. "द्या, मी उघडते," ती म्हणाली, आणि त्याने हसून बॅग तिच्या हातात दिली. इतकं सोपं होतं ते.

माझा नंबर आला. "काय दाखवू?" त्याने वर न बघता विचारलं.

"काही नको."

त्याचे हात थांबले. मग त्याने वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"घसा बसलाय तुझा," तो म्हणाला. "अजून ओरडतोस वाटतं गिऱ्हाइकांवर."

"ओरडतो."

"मी चाललोय."

"कळलं." मग एकदम माझ्या तोंडून आलं, "वहिनी गेल्या तेव्हा मी यायला हवं होतं."

"हो, यायला हवं होतंस."

"आणि त्या दिवशी दुकानात मी जे..."

"ते राहू दे आता." त्याने वाटेच्या दुसऱ्या टोकाकडे बोट केलं. "तिकडे तुझा स्टॉल ना? दर वर्षी तिन्ही दिवस बघायचो. चष्मा पुसपुसून बघितलं तरी पांढऱ्या बोर्डाशिवाय काही दिसायचं नाही. पण तू तिथे असणार, कुणावर तरी डाफरत असणार, हे माहीत होतं. थोडा वेळ बघायचो आणि कामाला लागायचो."

मी गप्प बसू शकलो असतो. पण मला त्याच्यापासून आता काही लपवायचं नव्हतं.

"मला दिसायचास तू," मी म्हणालो.

"इतक्या लांबून?"

"सहाशेची लेन्स तुझ्यावरच लावलेली असायची. दर वर्षी. मिशा पिकल्या तेही बघितलं. स्वेटरचं ते बटणसुद्धा."

त्याचा चेहरा एकदम उजळला. बावीस वर्षं पाहिलेलं ते हसू होतं, मी लगेच ओळखलं. मग ते हळूहळू मावळलं. कापणारा हात त्याने दुसऱ्या हाताने धरला.

"म्हणजे दिसत होतो," तो म्हणाला. "सहा वर्षं तुला दिसत होतो. मग आला का नाहीस रे?"

मागच्या गिऱ्हाइकाने माझ्या खांद्याला बोट लावलं, "काका, तुमचं झालं का?" मला त्याच्यावर ओरडता आलं नाही. मी टेबलाला वळसा घालून आत गेलो आणि मास्तरच्या शेजारी उभा राहिलो. त्याने थोडं बाजूला होऊन मला जागा दिली. समोरच्या घड्याळात पाचला वीस मिनिटं कमी होती.