रात्रीची जुळी मुलं

अथेन्सच्या वेशीजवळ कुंभारवाडा होता. तिथे दामोन थडग्यांवर ठेवायच्या तेलाच्या पांढऱ्या सुरया रंगवी. बहुतेकांना एकच चित्र हवं असे: रणात पडलेल्या तरुणाला दोन पंखवाले भाऊ उचलताहेत. डोक्याकडे झोपेचा देव हिप्नोस, पायांकडे मृत्यूचा देव थानातोस. दोघे जुळे, रात्रीच्या पोटचे. ज्यांची मुलं रणातून परत आलीच नाहीत, त्या आयांना या दोघांचा मोठा आधार वाटे.

दामोनलाही जुळा भाऊ होता, नीकोन. थ्रेसच्या मोहिमेत गेला, त्याचं हाडसुद्धा घरी आलं नाही. तेव्हापासून दामोनच्या हाताला काय झालं कोण जाणे. मृत्यूला तो दाढी काढी, नाक वाकडं करी; पण सुरई पुरी झाली की मेलेल्याच्या पायांशी नीकोनच उभा असे.

"पुन्हा तेच थोबाड?" मालक पास्यास वैतागे. "लोक मला विचारतात, मृत्यू तुझ्याकडे कामाला आहे काय!"

"मी नाही काढत, मालक. तो येतो."

पास्यास अपशकुन टळावा म्हणून आपल्याच अंगरख्यात तीनदा थुंके.

एके सकाळी बाजारात कांदे विकणारी तिमारेती मुलासाठी सांगितलेली सुरई न्यायला आली. तिने सुरई उजेडात धरली. मग दामोनकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकली.

"अगं बाई! हा तर तूच!"

"माझा भाऊ आहे मावशी. जुळा."

"कुठे असतो?"

"थ्रेसला गेला होता. राहिला तिकडेच."

"माझा लिकोनही तिकडेच राहिला," असं म्हणत ती मातीच्या ढिगावर बसली.

"दुसरी करून देतो बाई, आजच देतो," पास्यास घाईने म्हणाला.

"नको." तिने सुरई पोटाशी धरली. बराच वेळ ती त्या चेहऱ्यावरून बोट फिरवत राहिली. "एवढंच सांग, बाळा. तुझा भाऊ हाताने जड होता का? माझ्या पोराला कुणी दांडगाईने धरलेलं खपायचं नाही."

दामोनने कुंचला खाली ठेवला. "नाही, मावशी. पायात काटा मोडला की मला घरापर्यंत उचलून आणायचा. मला झोप लागून जायची."

"मग बरं आहे," ती म्हणाली आणि सुरई पदराखाली झाकून निघून गेली.

दामोन पुढच्या सुरईला बसला. पुरी झाली तेव्हा मृत्यूच्या जागी कुणी अनोळखी दाढीवाला होता. त्याच्या पुढच्या सुरईवरही तोच. पास्यासने सुटकेचा निःश्वास टाकला, शेजारच्या चित्रकारांना दारू पाजली. दामोनला मात्र घर रिकामं झाल्यासारखं वाटलं. इतके दिवस ज्या चेहऱ्याने त्याला छळलं, तोच आता बोलावूनही येईना.

शेवटी त्याने बायकोचा काशाचा आरसा मांडीवर घेतला आणि स्वतःचं नाक, स्वतःच्या भुवया, स्वतःची हनुवटी रेषेबरहुकूम उतरवली. चेहरा हुबेहूब जमला. पण तो दामोनचा होता.

ती सुरई त्याने विकू दिली नाही. ओल्या फडक्याने रंग पुसला आणि दुसऱ्या दिवसापासून तो नवरीमुलींच्या न्हाणाच्या घागरी रंगवू लागला.