नऊ नंबरचा जोड

जळगावातल्या रिंग रोडवरच्या बुटांच्या दुकानात मयुरीकडे दोन कामं होती. गिऱ्हाईक आलं की बूट दाखवायचे, आणि दुकानाचं इन्स्टाग्राम सांभाळायचं. पहिलं काम तिला जमत होतं. दुसऱ्यात तिचा जीव होता.

त्या शनिवारी नवा स्नीकर येणार होता. मुंबई, पुणे आणि जळगाव, तिन्ही ठिकाणी एकाच वेळी. जळगावच्या वाट्याला चाळीस जोड आले होते. सकाळी सातलाच शटरपुढे कॉलेजच्या पोरापोरींची रांग लागली, आणि त्या रांगेत सहा बायका उभ्या होत्या. लुगडी नेसलेल्या, डोक्यावर पदर, पायात रबरी चपला.

त्या कोण हे दुकानाचा मालक कुंदन याने लगेच ओळखलं. पुण्याहून दोघे जण आले होते. असे जोड घेऊन नंतर चढ्या भावाने विकणं हा त्यांचा धंदा. एका माणसाला एकच जोड मिळत असल्यामुळे त्यांनी मजुरांच्या नाक्यावरून या बायका दिवसाच्या मजुरीवर आणून रांगेत उभ्या केल्या होत्या.

कुंदनने ऐनवेळी नियम काढला. "ज्याच्या हातात टोकन, त्यानेच बूट घालायचा आणि दारापर्यंत चालून दाखवायचं." वापरलेल्या बुटाला पुढे भाव येत नाही. पाच बायकांना त्या पुण्यावाल्यांनी तिथूनच माघारी नेलं. सहावीचं टोकन आणि जोडाचे पैसे मात्र आधीच आत जमा झाले होते. तिचं नाव सुंदरबाई. फैजपूरजवळच्या एका खेड्यातली, केळीच्या बागेत मजुरी करणारी, साठीच्या पुढची.

पुण्यावाल्याने नऊ नंबर मागितला होता. सुंदरबाईचे पाय लहान होते. केळीच्या चिकाने काळे पडलेले, टाचांना भेगा. ती स्टुलावर बसायलाही तयार होईना. "गादी खराब होईन व माय," म्हणाली.

मयुरीने तिला हाताला धरून बसवलं, खाली गुडघ्यावर बसली आणि तिचे पाय हातात घेऊन एकेक बूट चढवला. समोरच्या फळीवर फोन आधीच व्हिडिओ चालू करून ठेवला होता. सुंदरबाई तिच्याकडे वाकून काहीतरी बोलली. मयुरी मान हलवून हसली. तिचं लक्ष फोनच्या चौकटीत सगळं नीट येतंय की नाही याकडे होतं.

मग सुंदरबाई चालली. पावलापेक्षा बूट मोठा, त्यामुळे प्रत्येक वेळी टाच निसटत होती आणि ती पाय उचलून उचलून टाकत होती. एका हाताने लुगडं वर धरलेलं. रांगेतली पोरं शिट्ट्या मारायला लागली. सुंदरबाईला वाटलं, ती कौतुक करताहेत. तीही हसली.

दुपारी मयुरीने त्यावर रॅम्पवर वाजवतात तसलं संगीत टाकलं, वर लिहिलं, "जळगावची नवी सुपरमॉडेल", आणि रील सोडलं. संध्याकाळपर्यंत पन्नास हजार लोकांनी पाहिलं होतं. दुकानाचं काहीच आजवर इतकं चाललं नव्हतं. कुंदनने सगळ्यांसाठी कचोऱ्या मागवल्या.

रविवारी जेवायच्या सुट्टीत मयुरी कमेंट वाचत होती. हसण्याच्या शेकडो चिन्हांमध्ये एक ओळ होती. भूमिका नावाच्या मुलीची. "ती माझी आजी आहे. कृपया व्हिडिओ काढून टाका."

तिने कुंदनला दाखवलं.

"बघू की," तो म्हणाला. "दोन लाख होऊ दे, मग काढू. तिला काय शिवी दिली आहे का आपण?"

पासवर्ड मयुरीकडे होता. काढायला एक बोट पुरे होतं. तिने फोन उलटा ठेवला आणि डबा संपवला. रात्री झोपण्याआधी तिने पुन्हा पाहिलं तेव्हा आकडा दीड लाखावर गेला होता, आणि आकडा पाहून तिला बरं वाटलं होतं. हे तिने पुढे कोणालाच सांगितलं नाही.

मंगळवारी भूमिकाने थेट संदेश पाठवला. "आजी तीन दिवस कामाला गेलेली नाही. गल्लीतली पोरं तिच्यासारखं चालून दाखवतात. आता तरी काढा."

मयुरीने कुंदनला न विचारता रील काढून टाकलं. पण तोवर ते दुसऱ्यांनी उचललं होतं. कोणी त्याला अहिराणी संवाद लावले होते, कोणी सुंदरबाईच्या डोक्यावर मुकुट चढवला होता. मयुरीने तसल्या पेजवाल्यांना विनंत्या केल्या. एकाने उत्तर दिलं: "ताई, चिल."

बुधवार तिच्या सुट्टीचा. भूमिकाला विचारून ती फैजपूरच्या बसमध्ये बसली आणि तिथून रिक्षाने खेड्यात गेली. हातात दुकानाची पिशवी होती, आत बायकांच्या मऊ तळव्याच्या चपला, पाच नंबर. फाट्यावर भूमिका उभी होती. नर्सिंगला शिकणारी, मयुरीपेक्षा तीन-चार वर्षांनी लहान. तिने आधी पिशवीवरचं नाव वाचलं.

"हे घेऊन आलात तुम्ही?"

मयुरीने पिशवी मागे घेतली.

"घरात नेऊ नका ते," भूमिका म्हणाली. मयुरीने ती पिशवी ओढणीखाली काखेत धरली आणि तशीच तिच्यामागून गेली.

सुंदरबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने मयुरीला ओळखलं, पण "ये" म्हणाली नाही, "जा" म्हणाली नाही. मयुरी समोर खाली बसली.

"आजी, माझं चुकलं. मी तो व्हिडिओ काढायला नको होता."

"लोक हासले त्याचं काही नही," सुंदरबाई सुपावरची नजर न काढता म्हणाली. "लोक हासतातच. मले वेगळंच लागलं."

"काय आजी?"

"त्या दिवशी घरी येऊन मी साऱ्या बायांना सांगलं. म्हनलं, एवढ्या मोठ्या दुकानातली पोरगी, खाली बसली आन् माह्या पायाले हात लावला. माह्या सुनेनं नही लावला कधी. म्हनलं, कोन्या चांगल्या घरची लेक असन. तुले मी तिथं आशीर्वाद देल्ला. आयकला नही का तू?"

मयुरीला तिचं वाकणं आठवलं. हलणारे ओठ रीलमध्येही होते. त्यावर संगीत होतं.

"नाही ऐकला," ती म्हणाली.

"मंग दुसऱ्याच दिवशी त्याच बायांनी मले फोनवर दाखोलं. म्हने, हीच का व तुही चांगल्या घरची?"

मयुरी रडायला लागली. भूमिका दारात हाताची घडी घालून उभी होती, ती जागची हलली नाही. सुंदरबाईने सूप बाजूला ठेवलं.

"माफी दिली समज," ती शेवटी म्हणाली. "पन आता ऊठ माय. बागेतून बायांची टोळी यायची येळ झाली. तुले इथं पाह्यलं तं परत तेच सुरू होईन."

मयुरी उठली. पाया पडावं असं तिच्या मनात आलं, पण त्या पायांना पुन्हा हात लावायचा धीर झाला नाही. फाट्यावर रिक्षा मिळेपर्यंत भूमिका सोबत थांबली. बोलली एकच वाक्य: "पुन्हा येऊ नका."

मयुरीने नोकरी सोडली नाही. इन्स्टाग्राम मात्र दुसऱ्याला द्या म्हणाली. कुंदनला कारण कळलं नाही. त्याने खांदे उडवले.

पुढच्या रविवारी रजा काढून ती धुळ्याला घरी गेली. तिची आई लताबाई शाळेत पोषण आहार शिजवायची. चहा ठेवता ठेवता तिने फोन पुढे केला.

"देख ना, काय गंमत शे. बठ्ठ्या बाया हासी हासी मरी ग्यात शाळेत."

पडद्यावर मुकुट घातलेली सुंदरबाई चालत होती.

"आई, हे मी काढलं," मयुरी म्हणाली.

"म्हणजे?"

मयुरीने सगळं सांगितलं. कमेंट, दीड लाख, आशीर्वाद. आकडा पाहून बरं वाटलं होतं, तेवढं सोडून. चहा उतू गेला, तरी आईने गॅस बंद केला नाही. मयुरीनेच उठून केला.

लताबाईने चालू असलेला व्हिडिओ थांबवला. "मी पण हसलेच की गं," ती म्हणाली. "चार जणींना पाठवलं. कसं परत घ्यायचं हे?"

मयुरीने फोन हातात घेऊन पाहिलं. पाठवून पाच दिवस झाले होते. आईच्या फोनमधून पुसता येत होतं, सगळ्यांच्या नाही.

"नाही येत आता," ती म्हणाली.

लताबाईने फोन परत घेतला, चष्मा लावला आणि पहिला नंबर लावला. "हॅलो अक्का? मी लता. तुला ते म्हातारीचं पाठवलं होतं ना, ते काढून टाक. नाही, नाही, गंमत नाही ती." मग तिने क्षणभर मयुरीकडे पाहिलं. "का म्हणजे काय? माझ्या पोरीनेच बनवलं होतं ते."

फोन ठेवून तिने दुसरा नंबर शोधायला घेतला. मयुरी फडकं घेऊन ओट्यावर सांडलेला चहा पुसत राहिली.