दोन दारांची गाडी

राहीबाईंनी गाईच्या सडाला पाणी मारलं, पदराला हात पुसले आणि बादली गुडघ्यांत धरली. लेकाचं, रामाचं लग्न असलं तरी गाईला ते ठाऊक नव्हतं. तिची वेळ ती सोडत नव्हती. पहिल्या धारा बादलीच्या तळाशी वाजल्या, मग फेस चढला तसा आवाज मऊ होत गेला. गोठ्याच्या पत्र्याखाली, कडब्याच्या गंजीला लागून, स्नेहलची गाडी उभी होती. स्नेहल स्वतः पोत्यावर आडवी झाली होती आणि गाल जवळजवळ मातीला टेकवून गाडीच्या पोटाखाली बघत होती.

"कंबर धरंल तुझी," राहीबाई गाईच्या पोटाला डोकं टेकवूनच म्हणाल्या. "करवली हायस आज. मिरवायचंय."

"मारुतीच्या वळणावरचा स्पीड ब्रेकर कुणी बांधला गं, आई? एवढा उंच?"

"सरपंचाच्या दारापुढं हाय. उंचच असनार."

स्नेहल हसली आणि उठून बसली. केसांत कडब्याची काडी अडकली होती. तिसगावच्या शाळेतून निघून ती यंत्र-अभियंता झाली होती आणि आता चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करत होती. ही गाडी मात्र तिची स्वतःची होती. आलिशान गाड्या काढणाऱ्या एका जर्मन कंपनीची ही सर्वांत लहान, सर्वांत स्वस्त गाडी. त्या घराण्यातलं शेंडेफळ. पुण्यातल्या कुणीतरी ती खिळखिळी करून टाकून दिली होती. स्नेहलने ती घेतली आणि रविवार मागून रविवार खपून पुन्हा उभी केली.

"दोनच दारं का गं हिला?" राहीबाईंनी विचारलं. कालपासून हा प्रश्न त्यांच्या ओठांवर होता.

"दार म्हणजे अंगाला पाडलेलं भोक. जितकी भोकं जास्त, तितका सांगाडा ढिला. वळणावर पिळवटतो. दारं कमी केली की गाडी ताठ राहते." तिने गाडीच्या लांबलचक नाकावर हात ठेवला. "इंजिनसुद्धा बघ, आडवं नाही, उभं घातलंय, आणि मागे रेटून. म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांवर ओझं सारखं पडतं."

"न्हाईतर उलाळ हुती."

"अगदी तेच. बैलगाडीसारखं."

"आन् मागं बसायचं कसं?"

"पुढच्याने उतरायचं, सीट वाकवायची, मग मागचा आत."

"म्हंजी पुढच्याच्या मर्जीवर."

"मागे बसणाऱ्याचा विचार ही गाडी बनवणाऱ्याने फारसा केलेलाच नाही."

"मग आपल्याच घरानं बनवली म्हनायची," राहीबाई म्हणाल्या आणि दुधाची बादली उचलली.

थोरले दीर गहिनीनाथ तेवढ्यात अंगणात आले. धोतर कडक इस्त्रीचं, फेटा अजून काखेत. धाकटा भाऊ गेल्यापासून या घराचं लग्नकार्य, बी-बियाणं, पाहुणेरावळे सगळं त्यांनीच ओढलं होतं, आणि ते राहीबाई कधी विसरल्या नव्हत्या. गहिनीनाथांनीही त्यांना विसरू दिलं नव्हतं. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले.

"ह्या डबीत नवरदेव बसनार? मागं बसाया मांजराचं अंग पायजे."

"आबा, तुमच्या जावयांची मोठी गाडी आहेच की. ती घ्या."

"रामाचा हट्ट हाय. आन् पुढचा बिल्ला बघून राहुरीच्या व्याह्यांनी बी तोंडात बोट घातलं पायजे. पर चालवंल आमचा पोरगा, बिभीषण."

"चालवीन मी. हिची मागची चाकं ढकलतात, खडीवर शेपूट फेकते. माझं ऐकते ती."

गहिनीनाथांनी राहीबाईंकडे पाहिलं. पोरीची तक्रार जणू आईकडे नोंदवायची होती. मग त्यांनी मान हलवली.

"बरं. करवली म्हनून बस तू. शेजारी नवरदेव. मागं तुझी मोठी आई बसंल ताट घेऊन." मोठी आई म्हणजे त्यांची बायको, कडूबाई. काखेतला फेटा त्यांनी दुसऱ्या काखेत घेतला. "रामाची आई, तू मागनं ट्रॅव्हल्समधी ये. आन् नवरदेव निघंस्तवर वाईच आतच ऱ्हा. तुला काय सांगायचं, तू शानी हायस."

"का?" स्नेहल उभी राहिली. तिच्या हातांना ग्रीस होतं. "का आत राहायचं, ते तोंडाने सांगा की, आबा."

"स्नेहल," राहीबाई म्हणाल्या.

"नाही, आई. ओवाळायचं आईने असतं. ताट मोठ्या आईच्या हातात का?"

"ह्या घरच्या रीती तू चाकनात शिकली न्हाईस," गहिनीनाथ शांतपणे म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळेच त्याला उत्तर देणं अवघड होतं. "घोड्याच्या काळापासनं ठरलंय. नवरदेव उंबऱ्यावरनं वाहनात बसला, की मारुतीच्या पारापातुर त्याचा पाय भुईला लागू द्यायचा न्हाई. तुझ्या बापानं मधीच घोड्यावरनं उडी मारली हुती. पुढं काय झालं, समद्यांनी बघितलं. म्हनून म्हनतो, रामाच्या बाबतीत कशालाच धक्का नको."

राहीबाई बादलीतल्या फेसाकडे पाहत राहिल्या. त्या उडीचं कारण त्यांना ठाऊक होतं. घोड्याच्या पायांत कुणाचं तरी कोकरू आलं होतं. नवरा ते हसत हसत सांगायचा, आणि दर वेळी कोकरू थोडं लहान होत जायचं.

"व्हय, भाऊजी," त्या म्हणाल्या. "राहीन आत."

स्वयंपाकघरात हळदीचा पाटा अजून तसाच पडून होता. काल हळद राहीबाईंनीच वाटली होती, सकाळभर, मनगट दुखेपर्यंत. लावली पाच सवाशिणींनी. राम डोळे मिटून पाटावर बसला होता, आणि प्रत्येक हात गालाला लागताच डोळे उघडून बघत होता. सहाव्यांदा त्याने डोळे उघडले तेव्हा समोर कुणीच नव्हतं. राहीबाई दाराआडून ते बघत होत्या.

त्यांनी दूध चुलीवर ठेवलं, पाटा धुतला, भिंतीला टेकवून ठेवला. मग पेटी उघडून स्नेहलने आणलेली मोरपंखी साडी काढली. नेसताना त्यांनी आरशात पाहिलं नाही. केस मात्र दोनदा विंचरले.

कडूबाई दारातून डोकावल्या. पैठणी, हिरवा चुडा, कपाळभर कुंकू.

"अगं बाई! लई खुलतंय. जप बरं, ट्रॅव्हल्समधी पोरं वांत्या करत्यात."

"तुमी बी जपा, बाई. गुडघं वाकवून आत शिरावं लागतंय तिकडं."

"ते तर हायेच. बीळ हाय नुसतं. ह्यांनी तिथं मला घातली." कडूबाईंनी गुडघा चोळला आणि जरा घुटमळल्या. काही बोलायचं होतं, पण ओसरीवरून हाक आली आणि त्या गेल्या.

गाडी आता दारासमोर आणून ठेवली होती. नाकावर शेवंतीच्या माळा. स्नेहल कपडे बदलायला आत गेली होती. मंडळी ओसरीवर रामाचा फेटा बांधण्यात गुंतली होती. एकाने बांधायचा, तिघांनी सोडायला लावायचा, असं चाललं होतं. वाजंत्री चहा पीत होते. राहीबाई मागच्या दाराने बाहेर पडल्या, शेणाच्या खड्ड्याच्या बाजूने वळसा घालून अंगणात आल्या. कुणी विचारलं असतं तर गाईला पाणी दाखवायला निघाले, असं सांगणार होत्या. कुणी विचारलं नाही. घरातली बाई अंगण ओलांडते, त्यात विचारण्यासारखं काय असतं?

त्यांनी दाराची कडी ओढली. काच अंगुळभर खाली सरकली आणि दार सुटलं. दार त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा लांब आणि जड होतं. सीटच्या खांद्यापाशी हात चाचपडला, एक पट्टी लागली, ती वर उचलली; सीट वाकून पुढे गेली. राहीबाईंनी साडी आवरली, डोकं खाली घातलं आणि आधी एक पाय, मग दुसरा असं करत त्या आत गेल्या. सीट मागे ओढली, दार ओढून घेतलं. काच आपली आपण वर चढली.

आत अंधूक होतं. छप्पर मागे उतरत आलेलं, डोक्याला जवळजवळ टेकत होतं. शेजारच्या जागेवर नारळ आणि पेढ्यांचे पुडे ठेवले होते. राहीबाईंनी हात मांडीवर ठेवले. त्यांनी एकावर एक दाबून धरले.

स्नेहल आली, बसली, आरसा नीट करायला हात वर नेला. आरशात तिला आईचे डोळे दिसले. तिचा हात तिथेच थांबला. मग तिने आरसा तसाच ठेवला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर नेले.

सनई सुरू झाली. राम उंबऱ्यावरून पायघड्यांवर आला, गहिनीनाथांनी स्वतः दार उघडलं, राम फेटा सांभाळत पुढे बसला, दार लागलं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. आणि तेव्हा कडूबाई ताट घेऊन पायऱ्या उतरल्या.

मंडळींची सारी हयात चार दारांच्या गाड्यांत गेलेली. नवरदेवाला आधी मानाने बसवायचं, बाकीच्यांनी मागून आपापलं चढायचं, हीच सवय. कडूबाई गाडीजवळ आल्या, मागचं दार शोधत हात फिरवला. दार नव्हतं.

"म्या कुठनं बसू?"

"थांब, मोठे आई, मी उतरतो," राम म्हणाला. त्याने दार ढकललं, पाय बाहेर काढला.

"ए! पाय! पाय आत घे!" गहिनीनाथ ओरडले. सनईवाला सूर अर्ध्यात सोडून थांबला. रामाने पाय असा ओढला की जोडा निसटून पायघडीवर पडला. गहिनीनाथांनी तो उचलून त्याच्या मांडीवर ठेवला, आणि कुठून वाट काढता येईल म्हणून खिडकीतून आत वाकून पाहिलं.

राहीबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

"रामाची आई?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तू हितं कशी? उतर. उतर बरं गपचीप."

"उतरते की, भाऊजी." राहीबाईंचा आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला, तो कुठेही चिरकला नव्हता. "पर आदी रामाला उतरावं लागंल."

अंगणात कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. रामाने मागे वळून आईला पाहिलं. मग त्याने दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घातली, लहानपणी पाटावर बसायचा तशी.

"स्नेहल, तू खाली हो. तुझ्या बाजूनं निगंल ती," गहिनीनाथ म्हणाले.

स्नेहलने पट्टा ओढून लावला. इंजिन सुरू झालं. खोल, दबका आवाज.

"करवलीने मध्ये उतरलेलं चालतं की नाही, ती रीत मला माहीत नाही, आबा. रामच्या बाबतीत धक्का नको."

गहिनीनाथांच्या मानेची शीर फुगली. त्यांनी भोवती पाहिलं. भावकी उभी होती, प्रत्येकाला रीत पाठ होती, आणि ती त्यांनीच पाठ करून घेतली होती. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

कडूबाईंनी खिडकीतून आतल्या फटीचा अंदाज घेतला, गुडघ्याकडे नजर टाकली आणि नाक मुरडलं.

"मला न्हाई शिरायचं त्या बिळात. म्या येते चालत, पार काय लांब हाय?" त्यांनी ताट खिडकीतून रामाच्या हाती दिलं. "मागं दे. नीट धर म्हनावं. तेल सांडंल पैठ... साडीवर."

गाडी निघाली. सरपंचाच्या दारापुढे स्नेहलने ती इतकी हळू आणि तिरकी चढवली, की ताटातली ज्योतसुद्धा हलली नाही.

पारापाशी राम उतरला. त्याने सीट वाकवली, हात पुढे केला. राहीबाईंनी ताट त्याच्या हाती दिलं, स्वतः दाराला धरून बाहेर आल्या, पदर सारखा केला आणि ताट परत घेतलं. मंडळी चालत येऊन पोचत होती. पुढे गहिनीनाथ होते. ते दोन हातांवर येऊन थांबले. कडूबाई मागे धापा टाकत होत्या. सनई वाजत होती.

राहीबाईंनी अंगठा कुंकवात बुडवला. राम उंच होता. तो खाली वाकला. त्यांनी त्याच्या कपाळावर खालून वर, एक सरळ रेघ ओढली, तिच्यावर तांदूळ टेकवले आणि ताट त्याच्याभोवती फिरवायला सुरुवात केली.