मायरनचा शर्ट

हरणाचा जबडा पुसून मी दिव्याखाली धरला. खरं तर बघायची गरजच नव्हती. दाढांचे कंगोरे अजून बोटाला टोचत होते. म्हाताऱ्या हरणाच्या दाढा जुन्या दगडी पायरीसारख्या झिजून गुळगुळीत होतात, आणि या तर अजून पुरत्या वापरल्याही गेल्या नव्हत्या.

"तीन वर्षांचा," मी म्हणालो.

शेडमध्ये सगळे त्याचीच वाट बघत होते. शेजारच्या शेताचा लिओ सोबोटा बिअरच्या बाटलीवरचा कागद नखाने सोलत बसला. माझी बायको जनीन सॉसेज परतत होती, तिने गॅस उगाचच बारीक केला. आणि आर्लिस, जिने तो नर सकाळी मारला होता, ती स्टुलावर हात मांडीत घेऊन बसली होती. तिने मान हलवली, जणू मी तिला उद्याचं हवामान सांगितलं होतं.

आमच्या डोंगरावर पाच शेतं आहेत आणि पाचही शेतांचा एक करार आहे. पाच वर्षं पुरी झाल्याशिवाय नर हरणावर बंदूक उचलायची नाही. कागद नाही, सही नाही. आर्लिसच्या नवऱ्याने, मायरन ब्रेक्केने, एकेकाच्या घरी कॉफी पिऊन आम्हाला हे पटवलं होतं. त्याआधी आम्ही दिसेल ते पाडत होतो आणि 'आमच्या रानात मोठी शिंगं का नाहीत' म्हणून रडत होतो. मायरन म्हणाला, पोर कापून खाल्लं तर आजोबा कुठून होणार? मग आम्ही क्लोव्हरचा चारा पेरला, सलगम पेरलं, हरणांना दडायला झाडं अर्धी कापून आडवी केली, आणि थांबायला शिकलो. थांबणं सगळ्यात अवघड गेलं. विशेषतः मला.

कराराला शिक्षाही आहे. ज्याने कोवळा नर मारला, त्याच्या अंगावर त्या दिवशी जो शर्ट असेल त्याचा मागचा काठ वीतभर कापायचा आणि या शेडच्या भिंतीवर ठोकायचा. वर त्या हरणाचा जबडा टांगायचा. मग रात्रभर मारणाऱ्याची चामडी सोलायची, तोंडाने, टिंगल करून. भिंतीवर माझे दोन तुकडे आहेत. लिओचा एक आहे, तोही बायकोने वाढदिवसाला दिलेल्या शर्टाचा. ती नाताळापर्यंत त्याच्याशी बोलली नव्हती. आणि सगळ्यात पहिला, निळा, उन्हाने विटलेला तुकडा मायरनचा. नियम करणारा गडी पहिल्याच वर्षी नियम मोडून बसला होता. मी म्हटलं होतं, जाऊ दे. त्याने स्वतःच सुरी माझ्या हातात दिली होती.

मायरन ऑगस्टमध्ये गेला. क्लोव्हर कापता कापता ट्रॅक्टरवरच. ट्रॅक्टर कुंपणाला टेकून घरघरत राहिला. आर्लिसने जाऊन आधी इंजिन बंद केलं, मग मला फोन केला. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उभा जन्म काढलाय, त्यामुळे अंत्यविधीच्या दिवशीही तिनेच सगळ्यांना कॉफी वाढली. दुसऱ्या सोमवारी ती शाळेत कामावर हजर. शाळेतून आली की उरलेला क्लोव्हर कापायची. मायरनने जे जे केलं असतं ते ते तिने केलं. ती रडत नाही म्हणून जनीन चिडायची. एकदा मीच आर्लिसला विचारलं, तर म्हणाली, "दात काढताना सुई देतात ना, तसं झालंय सगळं. कुणीतरी काहीतरी करतंय एवढं कळतं. दुखत नाही."

मायरनचा एक लाडका नर होता. डावं शिंग आत वळलेलं, छाती लोंबलेली, चाल अशी की सगळी जमीन याच्या बापाची. मायरनने त्याचं नाव ठेवलं होतं सासरेबुवा, कारण आर्लिसचे वडील लग्नाआधी मायरनकडे असेच बघायचे. सासरेबुवा तीन वर्षांचा असताना मायरनने त्याला सोडला. चार वर्षांचा असताना सोडला. गेल्या साली पाच पुरी झाली होती, नियमाने मारायला हरकत नव्हती. मचाणाखाली दहा पावलांवर उभा होता म्हणे. मायरन बंदूक खाली ठेवून घरी आला आणि म्हणाला, आणखी एक वर्ष जाऊ दे, अजून भरेल.

तेव्हा यंदा आम्ही बाकीच्यांनी आपसात ठरवलं की सासरेबुवावर कोणी नेम धरायचा नाही. तो आर्लिसचा. तिला कोणी सांगितलं नाही, पण तिला ते कळलं होतं. तिने सबंध आयुष्यात दोन-तीन माद्या मारल्या असतील, त्याही फ्रीजरमध्ये मांस हवं म्हणून. आज पहाटे ती मायरनच्या मचाणावर चढली. अंगात त्याचा लाल चौकड्यांचा लोकरी शर्ट, वर शिकाऱ्यांचं नारिंगी जाकीट. तो शर्ट ऑगस्टपासून स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेला होता. तिने धुतला नव्हता. मायरन उंच माणूस, ही जेमतेम त्याच्या खांद्याला, त्यामुळे शर्ट तिच्या गुडघ्यापर्यंत येत होता.

गोळीचा आवाज ऐकून मी मदतीला गेलो. ओकच्या झाडाखाली नर पडला होता. डावं शिंग आत वळलेलं, अगदी तसंच. मुलगा असणार सासरेबुवाचा. पण पाय लांब, पोट आवळलेलं, पाठ सरळ, म्हणजे कोवळा. नोव्हेंबरात माद्यांच्या मागे फिरून नरांच्या माना फुगतात, त्यावर माणूस फसतो. म्हणून तर मायरन घोकून घ्यायचा, शिंगं बघू नका, पोट बघा. मी आर्लिसकडे बघितलं. तिलाही कळलं होतं. आम्ही दोघांनी एकेक शिंग धरलं आणि ओढायला लागलो.

तर आता जबडा माझ्या हातात होता आणि सगळे माझ्याकडे बघत होते. सुरी मी हळूच फडक्याखाली सरकवली.

"यंदा राहू दे," मी म्हणालो.

लिओ लगेच म्हणाला की हो, यंदा कसला नियम. जनीनने ताट भरून आर्लिससमोर ठेवलं, रुमालसुद्धा घडी करून. आमच्या शेडमध्ये आजवर कोणी कोणाला रुमाल दिलेला नाही. सगळे इतके मऊ बोलायला लागले की मलाच कसंतरी झालं.

आर्लिसने ताट बाजूला सारलं. उठून नारिंगी जाकीट काढलं.

"डेलबर्ट, सुरी कुठाय?"

"अगं, त्याचा शर्ट आहे तो."

"नियमपण त्याचाच आहे."

"तो असता तर त्यानंच सोडून दिलं असतं तुला."

"त्यानं स्वतःला सोडलं नव्हतं." ती भिंतीवरच्या निळ्या तुकड्याकडे बघत होती. "तुम्ही मला सोडलंत तर मग मी इथं कोण? मायरनची विधवा, जेवायला आलेली. त्यापेक्षा चुकलेली बरी."

तिने पाठ केली. मला दुसरा मार्गच ठेवला नाही बाईने. मी मागचा काठ हातात धरला. लोकरीला अजून डिझेलचा आणि त्याच्या पुदिन्याच्या गोळ्यांचा वास होता. मी वीत मोजली.

"नंतर तो आला होता," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

"कोण?"

"सासरेबुवा. ते पोर पडलं, आणि थोड्या वेळानं हा वरून उतरला. त्याच्यापाशी उभा राहिला. हुंगलं. पोट असं लोंबलेलं, डेलबर्ट. इतकं स्वच्छ दिसत होतं. परवाना एकाच नराचा. मी नुसती बघत बसले. तेव्हाही काही वाटलं नाही मला."

मी सुरी टेकवली आणि ओढली. जुनी लोकर जाड असते, फाटताना मोठा आवाज करते. आर्लिसचे खांदे एकदम वर गेले.

"लागलं का?" मी विचारलं. काय विचारतोय ते तोंडातून गेल्यावर कळलं. सुरी तिच्या अंगाला शिवलीही नव्हती.

तिने मागे हात नेऊन कापलेला काठ चाचपला.

"हो," ती म्हणाली. "लागलं."

लाल तुकडा मी निळ्याच्या शेजारी ठोकला आणि वर जबडा टांगला. वळलो तर ती दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती आणि जनीन तिच्या शेजारी होती. जनीन मिठी मारणाऱ्यांतली नाही. तिने मोठा झारा कमरेवर ठेवला आणि दर वर्षी चुकणाऱ्याला विचारतात तेच विचारलं.

"काय गं, शिंगं बघितलीस ना?"

"शिंगंच बघितली," आर्लिस हातांच्या आडून म्हणाली. आवाज पार चिरकला होता.

"मग बस आता. लिओ, सुरू कर."

आणि लिओने सुरू केलं. आधी दबकत, मग नेहमीसारखं. शाळेच्या मुलांना ही बाई वासराचं मांस देऊन म्हाताऱ्या बैलाचं सांगत असणार इथपासून तिचा चष्मा पहिल्याच वर्षी चुकलेल्या मायरननेच घेऊन दिला असणार इथपर्यंत त्याने काही सोडलं नाही. ती ऐकत होती, डोळे पुसत होती आणि गार झालेलं सॉसेज खात होती.

जायला निघाली तेव्हा मी दारात कंदील धरून उभा राहिलो. तिने जाकीट हातातच घेतलं होतं. बर्फातून ती गाडीकडे गेली. कापलेल्या काठाचे धागे लोंबत होते, आणि मागून तो शर्ट आता तिच्या मापाचा दिसत होता.