अकरा घागरी आणि तांब्याभर दूध

पंजाबरावानं आषाढी एकादशीला दूध आणि डाळ देवाला वाहिली, आणि नवरात्र येईतो त्याच्या मांड्या गेल्या.

चातुर्मासात आवडतं ते सोडावं अशी रीत. कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा. हा पडला पैलवान गडी, त्यातून घर माळकरी. दूध आणि वरण म्हणजे त्याचा जीव की प्राण. मोठं सोडलं तर मोठं मिळेल, असं मनाशी धरून त्यानं नेमकं तेच कार्तिकी पौर्णिमेपर्यंत सोडलं. आणि मागितलं काय, तर त्या पौर्णिमेला सासुरवाडीला, हिवरखेडच्या जत्रेत जानरावाची पाठ मातीला लागू दे!

जानराव म्हणजे त्याच्या बायकोचा, शकुनचा, सख्खा भाऊ. दोन वर्षं लागोपाठ त्यानं ह्याला सासुरवाडीच्या देखत चीत केलं होतं, वर "जवाईबापू, माती गोड लागली काय?" असं विचारलंही होतं. तेव्हा पंजाबराव भर फडात ओरडला होता, "पुढच्या साली पडलो, तं या गावचा उंबरठा मी चढनार नाही, अन् तुमची पोरगीबी चढनार नाही!"

गाव कुस्तीचं बोलत होतं, शकुनच्या डोळ्यांपुढं भाऊबीज होती. तिच्या माहेरी भाऊबीज पौर्णिमेपर्यंत चालते. यंदाची तिची ओवाळणी नवऱ्याच्या मांड्यांवर येऊन ठेपली होती.

नागपूरच्या लाटसाहेबाचा अंमल होता, तेव्हाची ही गोष्ट. अमरावतीहून नांदगाव पेठेकडे जाताना ह्यांचा झेंडूचा मळा लागायचा. शकुन हार गुंफायची, म्हणून दोरा सदा हाताशी. आषाढीला तिनं नवऱ्याच्या दंडाभोवती दोरा धरून गाठ मारून ठेवली होती. घटस्थापनेला तोच दोरा धरला, तर दोन बोटं सैल.

"माप चुकलं असन," पंजाबराव म्हणाला.

"दोरा तोच हाय. दंड चुकला."

"मंग काय करू? देवाले देल्लं ते मांगं घेऊ?"

तेही खरंच. शकुन स्वतः नेमाची बाई. रोज पहाटे टेकडीवरच्या महादेवाला पाण्याची घागर घातल्याशिवाय तोंडात पाणी घेत नसे. व्रत मोड, असं तिच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. ती फुलांची पाटी घेऊन अमरावतीला मोरोपंत पुराणिकांच्या दारी गेली आणि डोईवरचा पदर सारखा करत हळूच म्हणाली, "महाराज, नवऱ्याचं व्रत बायकोले पाळता येते काय?"

"येतं की. अर्धांगी ना तू? तू संकल्प केलास की त्याला मोकळीक. पण मधेच टाकायचं नाही हो. आणि अशक्त झालीस म्हणजे?"

"मले कुठं कुस्ती खेळाची हाय, महाराज?"

त्या दिवसापासून दूध आणि डाळ शकुननं सोडली. पंजाबरावाचं मात्र सुरू झालं. सकाळी भिजवलेले हरभरे, दुपारी उडदाचं वरण, दिवेलागणीला तांब्याभर दूध. आणि मधल्या वेळात आंब्याखालची खाट. आखाड्याचं नाव काढलं की म्हणे, "आधी आंगात भरू दे, मंग जोर काढतो."

आठ दिवसांनी पुन्हा दोरा निघाला. दंड होता तिथंच. पोट मात्र पुढं आलं होतं.

"पाह्य, कसा भरून राह्यलो!"

"भरून राह्यले खरे. पन् पोटानं कुस्ती कोन जिंकलं? बोलावल्याबिगर पाहुना माजघरात येते काय? ओसरीवरच बसून राह्यते. वरनाचं बी तसंच हाय, दंडानं बोलवा लागते."

शकुननं दोरा गुंडाळत सहज म्हटलं, "मी तुमचं व्रत घेतलं. तुमी माहं घ्या. फिटंफाट."

"तुह्यं कोनतं? म्हादेवाची घागर? हात्! एका हातानं नेतो."

"माह्या आंगाच्या मानानं एक. तुमच्या आंगाच्या मानानं अकरा. अन् दर घागरीमांगं पंचवीस साष्टांग नमस्कार."

"हे कोनत्या पोथीत लिवलं व?"

"पोथीत नाही. मी म्हादेवाले कबूल केलं."

आणि खरंच केलं होतं, त्याच पहाटे. महादेवाला दहा घागरी जास्त गेल्या तर तो रागावत नाही, इतकी तिची खात्री होती. आता देवाला कबूल झालेलं मोडायची छाती पैलवानाला होईना.

पहिल्या दिवशी तिसऱ्या घागरीलाच तो पायरीवर बसला. चौथ्या दिवशी अकरा झाल्या. कोजागिरी झाल्यावर शकुननं घागरीच्या जागी हंडा पुढं केला. टेकडी उतरला की वरणाची वाटी तयार. इकडे शकुन शेंगदाण्याच्या ठेच्याशी भाकर खायची, तरी तिच्या बांगड्या कोपराकडे चढू लागल्या.

पौर्णिमेला दोघं अकोल्यापर्यंत आगगाडीनं, पुढं अकोटपर्यंत मोटारीनं आणि तिथून बैलगाडीनं हिवरखेडला पोचली. फडात जानराव हसला, "या जवाईबापू! उपास मानवला दिसते!"

कुस्ती लागली. जानरावानं त्याला खाली घेतलं, कंबर धरली आणि उलटायला गेला. मांडी हलेना. पुन्हा गेला. खांब रोवावा तशी मांडी. अर्धा तास दोघांनी मातीचा चिखल केला, शेवटी पंचांनी बरोबरीत सोडवली.

पंजाबराव फणफणत गाडीकडे निघाला. "पाठ नाही लागली त्याची. चाल घरी."

शकुन जागची हलली नाही. "तुमी बोलले होते पडन्याचं. पडले काय?"

"...नाही."

"मंग उंबरठा या बाजूनं हाय."

संध्याकाळी तिनं भावाला ओवाळलं. जानराव दंड चोळत म्हणाला, "खरं सांग शकुन, काय खाऊ घातलं व याले?"

"माह्या वाट्याचं."

चंद्र वर आला, व्रत सुटलं. आई कौशल्येनं पानं वाढली. शकुननं नैवेद्य दाखवला, हात जोडले आणि वरणाची वाटी तोंडाला लावली ती खाली ठेवीचना.

"अवं पोरी," कौशल्या म्हणाली, "पोळी तं घे!"

पंजाबरावानं आपली वाटीही मुकाट्यानं तिच्या पानाकडे सरकवली.