डावी पाकळी

देवाने हो म्हटलं म्हणून आम्हाला गावात काम करता आलं, आणि देवानेच नको म्हटलं म्हणून आमची तोंडं बंद झाली. आमचे सर पुण्याचे, त्यांना या सगळ्याचं फार कौतुक. मी पेडण्याची, तुयेची. कौल म्हणजे काय ते मला लहानपणापासून ठाऊक, त्यामुळे माझं डोकं पहिल्या दिवशीच फिरलं होतं.

डिचोलीहून आत, खाणींच्या पाठीमागे हे गाव आहे. खाण बंद पडली तशी तरुण पोरं काळ्या दगडाच्या क्रशरवर कामाला लागली. त्या दगडाची भुकटी एकदा फुफ्फुसात बसली की पुन्हा निघत नाही. ती कुणाकुणाच्या छातीत बसलीय हे पाहायला आम्ही गेलो होतो. एक्स-रे काढायचे, नळीत फुंकायला लावायचं, एवढंच काम. गावाची अट एकच, आधी रवळनाथाला विचारा. जयराम गुरवांनी गाऱ्हाणं घातलं आणि देवाच्या दोन्ही खांद्यांना शेवंतीच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली, म्हणजे होकार. दुसऱ्या दिवशी अख्खा गाव शाळेपुढे रांगेत. 'मला नको' असं एकानेही म्हटलं नाही. सर म्हणाले, याला म्हणतात सामूहिक संमती!

निकाल आले. एकेकाला बाजूला घेऊन ते सांगायचे होते, तर गावाने पुन्हा देवाला विचारलं, ऐकायचं की नाही? या खेपेला डावी पडली.

आता यात देवाचं काय चुकलं म्हणा! छातीत काय आहे ते बाहेर फुटलं तर त्या घरात मुलगी कोण देणार? आणि क्रशरवाला आजारी माणसाला एक दिवस तरी ठेवून घेईल का? कुठल्या पाकळीला किती पाणी लावायचं ते शेवटी माणूसच ठरवतो, असं मी सरांना तोंडावर म्हटलं. सर शांतपणे म्हणाले, "ऋतिका, न ऐकण्याचाही हक्क असतो माणसाला. ज्याला हवं तो डिचोलीला आपल्या खोलीवर येऊन विचारील." कोण येणार होतं, कपाळ! देवाचा शब्द मोडलेला माणूस पुन्हा त्याच गावात राहणार कसा?

साईशचा एक्स-रे मी स्वतः पाहिला होता. तिशीसुद्धा गाठली नव्हती त्याने. नळीत फुंकताना म्हणाला होता, "मॅडम, फुगो हाडा, फुगवून दाखवतंय." फुगा आणा म्हणे! आणि इथे छातीच्या दोन्ही बाजू पांढऱ्या, तांदूळ सांडावेत तशा. त्यावर औषध नाही. त्याचं ते हसणं आठवलं की मला रडू यायचं आणि रागही यायचा.

बाजाराच्या दिवशी त्याची आई, विमलाकाकी, आमच्या खोलीवर आली. हातात भाजीची पिशवी, वर फुलांचा पुडा.

"माका कायएक सांगू नको," टेकता टेकताच तिने बजावलं. "देवान नको म्हटलां, ता माका मोडूचा नाय."

"मग इलात कशाक, काकी?" मी वैतागून विचारलं.

"साईशाचा लगीन ठरलां. तेरेखोलचा चेडू, सेजल म्हणान. गुणाचा आसा." तिने पुडा सोडला, शेवंतीच्या दोन पाकळ्या खुडल्या आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. "उजवी म्हणजे लगीन करूचा. डावी म्हणजे नको. तू बोलू नको, बोट लाव फकत."

"मी काय देव नाय, काकी."

"देवान माका आयकू नको म्हटलां. बघू नको म्हणूक नाय."

जयरामांच्या पाण्याला हसणारी मी, आता माझ्याच बोटाला घाम फुटला. सेजलला मी कधी पाहिलंही नव्हतं. पण नवऱ्याच्या उशाशी बसून त्याचा श्वास मोजणारी पोर मला लख्ख दिसली. मी डाव्या पाकळीवर बोट ठेवलं.

काकीने ती उचलली, डोळ्यांना लावली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. "देवान कौल देवक नाय म्हणान सांगतंय तेंका. चेडवाक बोल नको, आमकाय नको."

सुटले, असं वाटलं मला. "काकी, त्याला क्रशरवर—" मी सुरुवात केली.

"सांगू नको म्हटलां मां?" तिने आणखी दोन पाकळ्या खुडल्या. "आता एकच. फुडल्या चवथीक गणपती डोक्यार घेवन साईशच घराक हाडतलो? उजवी म्हणजे हाडतलो. डावी..."

पंख्याच्या वाऱ्याने पाकळ्या सरकायला लागल्या, तशी ती उठली आणि तिने पंखा बंद केला. "वाऱ्याचो कौल नको माका."

उजवीवर बोट ठेवावं तर ते धडधडीत खोटं. डावीवर ठेवावं तर समोर आई बसलेली. आयुष्यात इतकी भित्री मी कधीच नव्हते. माझा हात मांडीवरून हलेना. काकी माझ्या बोटाकडे बघत राहिली, गाभाऱ्यात बघतात तशी.

खाली रस्त्यावर साईश स्कूटर घेऊन थांबला होता. त्याला खोकल्याची उबळ आली. थांबली असं वाटलं की पुन्हा यायची. शेवटी हॉर्न वाजला.

काकीने माझ्या बोटाची वाट पाहिली नाही. डावी पाकळी तिने स्वतःच उचलली, डोळ्यांना लावली आणि पदराची गाठ सोडून पहिलीच्या शेजारी ठेवली. गाठ पुन्हा घट्ट बांधून, खिडकीतून वाकून तिने हाक दिली, "येतंय रे बाबा, येतंय."